काळी, पांढरी आणि आमची घरं

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, अडाण नदीच्या अंगाचं. जमिनीला आमच्याकडे दोनच नावं. पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर भिंत टिकत नाही. म्हणून जुन्या लोकांनी गाव उंचवट्यावर, पांढऱ्या मातीत बसवलं. मधात गढी. तिचे बुरूज माझ्या लहानपणीच ढासळले होते. धाब्यावर टाकायला लोक तिथलीच माती खणून नेत. गढी अशी घरोघरी वाटली गेली.

गढीजवळ पाटला-देशमुखांचे वाडे. सागाचे खांब, जाड मयाली, देवडी, मधात चौक. त्याबाहेर आमच्यासारख्या कास्तकारांची कवेलूची घरं. पुढे सपरी, मागे न्हाणी, बाजूला बैलांचा कोठा. त्याहीपलीकडे मजुरांची घरं, पऱ्हाटीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली. दलितांची वस्ती गावाच्या कडेला, बंजाऱ्यांचा तांडा माळावर. घाटंजी-पांढरकवड्याकडे गेलं की कोलामांचे पोड लागतात. कोणाचं घर कुठं, यावरून त्याला पाणी किती लांबून आणावं लागे तेही कळे. ही अंतरं आपोआप पडली नव्हती. जुन्या गावाचं कौतुक करताना एवढं विसरू नये.

आमच्या घरातली सगळ्यात मोठी खोली माणसांची नव्हती, कापसाची होती. दिवाळीनंतर ती आढ्यापर्यंत भरे आणि आम्ही पोरं सपरीत निजत असू. हा कापूस मूर्तिजापूरला न्यायला इंग्रजांच्या काळात शकुंतला गाडी आली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरात बनलेलं; १९२३ पासून १९९४ पर्यंत ते चाललं. वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा, तिथलं इंजिन आमच्याकडे आलं. कापसाला भाव लागला त्या वर्षी कुडाच्या जागी मातीची भिंत चढे, गवताच्या जागी कवेलू. घर पाहून त्या घराची मागची चार वर्षं वाचता येत.

या घरांना मेहनत फार. दर आठवड्याला बायांनी सारवायचं, दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे. वांदरांनी एक उडी मारली की पावसात दहा ठिकाणी भांडी ठेवा. आता कवेलू भाजणारा कुंभार नाही आणि फेरणारा माणूस नाही. घरकुलाचा हप्ता आला की भिंत पडते, सागाच्या मयाली घ्यायला व्यापारी ट्रक घेऊन येतो. मे महिन्यात पारा ४४ वर गेला की स्लॅबखाली जीव घाबरा होतो, पण साप-विंचवाची भीती गेली, हेही खरं.

माझा मुलगा म्हणतो, "बाबा, पाडून टाकू." सून रोज सारवत बसणार नाही, अन् तिनं बसूही नये. पुढचं घर आम्ही यंदा पाडतो आहोत. कापसाची खोली मात्र राहू देणार. भिंत दोन हात जाड, दार साडेतीन हात उंच, वर सागाच्या पाच मयाली. ही मापं इथं लिहून ठेवतो. ती खोलीही किती वर्षं राहील, कोण जाणे.