माउसचा वेग
लिनक्समध्ये हाताची हालचाल आणि पडद्यावरील बाणाचे सरकणे यांतील गुणोत्तर ठरवण्याचे काम आज बहुतेक ठिकाणी ‘लिबइनपुट’ ही लायब्ररी करते आणि त्यात वेगाचे मूल्य −१ ते १ या मर्यादेत, मुळात ० असे ठेवलेले असते. त्याच्या ‘अडॅप्टिव्ह’ पद्धतीत हात झपाट्याने हलला की हे गुणोत्तर वाढते, तर ‘फ्लॅट’ पद्धतीत ते स्थिर राहते. म्हणूनच हाताच्या सवयीवर चालणाऱ्या रेखाटनासारख्या नेमक्या कामाला दुसरी पद्धत काहींना अधिक भरवशाची वाटते. पडद्यावरील चित्र दाखवणाऱ्या जुन्या ‘एक्स’ व्यवस्थेत ‘एक्सइनपुट’ या आज्ञेने वेगात केलेला बदल लॉगआउट करताच नाहीसा होतो, आणि नव्या ‘वेलँड’मध्ये तर ती आज्ञा उपयोगी पडत नाही, तेव्हा वाचकाने तेथे डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधूनच वेग बदलावा.