मद्यपाशमुक्तीची सभा : शोधावी कशी, बसावे कसे

गोव्यासारख्या लहान राज्यात दारू सोडू पाहणारा माणूस सभेच्या दारापर्यंत येऊन परत फिरतो, त्याचे कारण बहुधा एकच असते: आत ओळखीचे कुणी भेटेल, ही धास्ती. पंचायत, देऊळ, चर्च, बाजार, सर्वत्र तीच माणसे. तावेर्नात वर्षानुवर्षे उघडपणे बसलेल्यालाही सभेच्या खुर्चीवर बसताना मात्र संकोच वाटतो. हा विरोधाभास हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यापायी कित्येकांचे उपचार लांबणीवर पडतात.

या संकोचाची जाण ठेवूनच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ (ए. ए.) या संघटनेने नावातच अनामिकता धारण केली. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअरदलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, असे दोन मद्यपी एकमेकांना भेटले आणि त्यातून ती उभी राहिली. भारतात तिचे काम १९५७ पासून सुरू आहे. सभासदत्वाला एकच अट आहे: दारू सोडण्याची इच्छा. शुल्क नाही, अर्ज नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही. सभेच्या शेवटी फिरणाऱ्या पेटीत स्वेच्छेने काही टाकावे; बाहेरची देणगी संघटना स्वीकारत नाही. आत ओळखीचा चेहरा दिसलाच, तर तोही त्याच कारणासाठी तेथे आलेला असतो, आणि त्याचेही गुपित समोरच्याच्या हाती असते.

सभेचा शोध घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार पहिल्या काही दिवसांत उद्भवू शकतात आणि ते जिवावरही बेततात. अशा व्यक्तीने प्रथम डॉक्टर गाठावा. बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत व्यसनावर उपचार होतात. सभा ही औषधाची जागा घेत नाही. औषधानंतरच्या दीर्घ काळासाठी ती असते.

पत्ता मिळवण्याचे मार्ग सोपे आहेत. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ आहे, दोन्ही निःशुल्क. उपचार करणारे डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्रेही जवळच्या गटाची माहिती देतात. हणजुणे येथे कृपा फाउंडेशनचे केंद्र आहे. १९८१ मध्ये मुंबईच्या वांद्रे भागात फादर जो परेरा यांनी ही संस्था स्थापली. ते स्वतः मद्यपाशातून बाहेर पडलेले. जाण्यापूर्वी सभा ‘खुली’ की ‘बंद’, हे विचारून घ्यावे. खुल्या सभेला नातेवाईकही बसू शकतात, बंद सभा केवळ मद्यपाशात अडकलेल्यांसाठी असते. भाषाही विचारावी. आपली लाज मांडताना परकी भाषा आडवी येते.

सभा साधारण तास-दीड तासाची. एकेक जण नुसते नाव सांगून, आपण मद्यपी असल्याचे म्हणून, स्वतःचा अनुभव कथन करतो. मध्येच कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. नवागताने गप्प बसले तरी चालते. पहिल्या काही सभांत बहुतेकांना तेच जमते. पुढे एखाद्या जुन्या सभासदाला ‘स्पॉन्सर’ म्हणून निवडता येते. पिण्याची तलफ आली की त्याला फोन करायचा, वेळ कोणतीही असो. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा, असा सल्ला जुने सभासद देतात. नोकरदाराला तो कठीण वाटेल, पण आठवड्याला एकच सभा धरणाऱ्याला मधले सहा दिवस एकट्याने काढावे लागतात.

अंतराची अडचण गोव्याबाहेरील मराठी मुलखात आणखी तीव्र होते. मध्य प्रदेशातील तिगाव हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील मराठी गाव, २०२३ मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. तेथील मराठी भाषकाला आपल्या भाषेतील मोठे शहर म्हणजे नागपूर, राज्याची सीमा ओलांडून. प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी पाहता रोजच्या सभेचा सल्ला त्याच्यापुरता पुस्तकीच ठरतो. दूरच्या शहरात ओळखीचे कुणी भेटत नाही, एवढीच त्यातील सोय. अशांसाठी मोबाईलवरील सभा हा खरा आधार होय. करोनाकाळात त्या विशेष रुळल्या आणि आजही भरतात.

घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’चे गट वेगळे असतात, बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये त्यांची उभारणी केली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नेही कुटुंबीयांना उपचारात सामील करून घेतले. नवरा सभेला जायला तयार नसला, तरी पत्नीने आपल्या गटाला जाण्यास काही हरकत नसते. त्याच्या होकाराची वाट पाहू नये.

सर्वांनाच हा मार्ग रुचतो असे नाही. बारा पायऱ्यांमधील ईश्वरविषयक भाषा काहींना खटकते, काहींना गटात बोलणे जमतच नाही. अशांसाठी गोव्यातच तपासून पाहिलेला एक पर्याय आहे. ‘संगाथ’ संस्थेने राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकरवी, अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी एकास एक संवाद साधला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के, तर नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी १८ टक्के पुरुष दारूपासून दूर होते. गट नको असणाऱ्याने डॉक्टरांकडे अशा समुपदेशनाची चौकशी करावी.