संशय चुकीच्या पेशीवर

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात प्रथिनं न घडवणाऱ्या आरएनएचा हात असावा, याची एक सुरुवातीची ठोस नोंद ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून आली. साल २००३. फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमधल्या संशोधकांनी आतड्यातली गाठ आणि निरोगी ऊती यांतून २८ निरनिराळे मायक्रोआरएनए वेगळे काढले. त्यांतल्या मीर-१४३ आणि मीर-१४५ या दोघांनी लक्ष वेधलं. निरोगी आतड्यात ते भरपूर होते, गाठीत मात्र रोडावलेले. ही घट कर्करोगाच्या आधीच्या, अ‍ॅडिनोमाच्या पायरीवरही दिसत होती.

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो स्वतः प्रथिन घडवत नाही. प्रथिनाचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला चिकटतो आणि त्याला थोपवतो. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रॉस आणि गॅरी रवकुन यांनी १९९३ साली तो मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत दाखवला, तेव्हा ही त्या कृमीचीच लहर असावी असं समजून बहुतेकांनी पान उलटलं. (दोघांना नोबेल मिळायला २०२४ उजाडलं.) २००० साली असाच दुसरा तुकडा माणसातही सापडला आणि २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने रक्ताच्या एका कर्करोगात असे दोन तुकडे वारंवार गहाळ असल्याचं दाखवलं. अ‍ॅडलेडचा शोध त्याच्या पाठोपाठचा.

तर्क सरळ होता. गाठीत जे कमी, ते गाठीला आवरणारं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींत मीर-१४३ घातला की त्यांची वाढ मंदावे. तो के-रास या कुप्रसिद्ध जनुकाला लगाम घालतो, असंही २००९ साली प्रसिद्ध झालं. हाच तुकडा औषध म्हणून द्यावा, अशा कल्पना निघाल्या नसत्या तरच नवल.

घोळ मात्र नमुन्यातच होता.

आतड्याची भिंत एकजिनसी नसते. आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असलेलं अस्तर असतं. ते दर तीन-पाच दिवसांनी नवं होतं, आणि हा कर्करोग त्याच्यातूनच उगवतो. त्याच्या खाली जोडऊती, तंतुपेशी, रक्तवाहिन्या आणि अन्न पुढे ढकलणारे अनैच्छिक स्नायू. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा कुटून त्यातला आरएनए मोजला, की या सगळ्यांची मिसळ मोजली जाते. गाठीत अस्तराच्या पेशी माजलेल्या असतात, स्नायूंचा वाटा तुलनेने घटलेला. मग जो आरएनए मुळात स्नायूंचाच आहे, तो गाठीत ‘हरवलेला’ दिसणारच!

तो स्नायूंचा आहे याची खूण २००९ सालीच मिळाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत दीपक श्रीवास्तव यांच्या गटाने हे दोन्ही तुकडे रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींना वळण लावतात असं ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. पण हृदयावर काम करणारे आणि आतड्यावर काम करणारे एकमेकांचं फारसं वाचत नसावेत.

मीर-२१ची गोष्ट याच्या उलट. तो गाठीत वाढलेला असतो. मेरीलँडचे ८४ आणि हाँगकाँगचे ११३ रुग्ण तपासून २००८ साली ‘जामा’ या नियतकालिकात नोंद झाली की ज्यांच्या गाठीत मीर-२१ जास्त, ते कमी जगतात. हेही मोजमाप कुटलेल्या ऊतीचंच. डॅनिश संशोधकांनी २०११ मध्ये गाठीचे पातळ काप रंगवून पाहिले, तेव्हा मीर-२१ उजळला तो मुख्यतः गाठीभोवतीच्या तंतुपेशींत. आडाखा टिकला, पत्ता बदलला.

मीर-१४३ आणि १४५चा निकाल २०१४ साली जोशुआ मेंडेल यांच्या गटाने लावला. आतड्यात हे दोघे फक्त खालच्या स्नायूपेशी व तंतुपेशींत असतात, अस्तरात नसतातच, असं त्यांनी ‘सेल’मध्ये दाखवलं. ज्या उंदरांत हे दोघेही नव्हते, त्यांची आतडी एरवी ठणठणीत होती. पण आतड्याला इजा केली की अस्तर पुन्हा उगवेना. वाढीचा जो इशारा खालून वर जायचा, तो तंतुपेशींमधलं एक प्रथिन अडवून धरत होतं, आणि त्या प्रथिनाला आवरणारे मायक्रोआरएनए गायब होते. थोडक्यात, अस्तराची वाढ रोखणारे म्हणून नावाजलेले हे दोघे प्रत्यक्षात शेजारघरी राहून त्याच अस्तराच्या वाढीला मदत करत होते.

२०१६ मध्ये उंदरांच्या फुप्फुसातल्या कर्करोगातही तेच दिसलं. गाठीच्या पेशींतून मीर-१४३ आणि १४५ काढून टाकल्याने काही फरक पडला नाही. भोवतालच्या पेशींत मात्र ते गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देत होते.