राउटरला विसावा देणारा आकडा

एका साध्या लॅपटॉपवर सहा राउटर चालू आहेत आणि ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या जोरावर एकमेकांशी शेजारधर्म जोडताहेत. नेटवर्किंग शिकणाऱ्यांना आज यात नवल वाटत नाही. पूर्वी मात्र सिस्कोच्या परीक्षेची तयारी करायची, तर जुने राउटर विकत घ्यावे लागत, नाहीतर सिम्युलेटरवर भागवावं लागे. सिम्युलेटर म्हणजे ठरलेल्या कमांडला ठरलेलं उत्तर. चुकीचं कॉन्फिगरेशन केल्यावर खरा राउटर कसा वागतो, हे त्यात दिसत नसे.

ऑगस्ट 2005 मध्ये फ्रान्समधल्या कॉम्पिएन्यच्या तंत्रज्ञान विद्यापीठात क्रिस्तोफ फियो यांनी वेगळी वाट धरली. कमांडची नक्कल न करता त्यांनी सिस्को 7200 हा आख्खा राउटरच सॉफ्टवेअरमध्ये उभा केला. त्याच्या मिप्स प्रोसेसरच्या आज्ञा पीसीच्या भाषेत जागच्या जागी उतरवल्या जात, त्यामुळे खऱ्या राउटरमधल्या आयओएस या ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज जशीच्या तशी बूट होई. प्रोसेसरचं नाव पोटात घेऊनच या प्रोग्रामचं नाव पडलं: डायनामिप्स.

अडचण पुढेच होती. काम नसलं तरी आयओएस एका छोट्या लूपमध्ये गरगरत राहतं. खऱ्या राउटरचा प्रोसेसर त्याच्या एकट्याच्या मालकीचा, तिथे काही बिघडत नाही. पीसीवर मात्र एकच रिकामा राउटर प्रोसेसर शंभर टक्के खाई आणि पंखा घोंघावू लागे.

यावरचा उपाय म्हणजे आयडल-पीसी. इथला ‘पीसी’ म्हणजे प्रोग्राम काउंटर. रिकामा लूप मेमरीत कोणत्या पत्त्यावर आहे, तो आकडा डायनामिप्सला द्यायचा. राउटर वारंवार तिथेच घुटमळताना दिसला, की डायनामिप्स त्याला क्षणभर झोपवतं. डायनामिप्स हाताळणाऱ्या, ग्रेग अनुझेली यांच्या डायनाजेन या प्रोग्राममध्ये ‘आयडलपीसी गेट’ म्हटलं, की संभाव्य आकड्यांची यादी येई; भरवशाच्या आकड्यांपुढे चांदणी असे. घरगुती पीसीवर अनेक राउटरांची लॅब चालू शकली, ती मुख्यतः या आकड्यामुळे.

जेरेमी ग्रोसमन यांच्या जीएनएस3 ने पुढे हे सगळं माउसने ओढण्याइतकं सोपं केलं. मग व्हर्च्युअल मशीन चालवणारे क्यूईएमयू आणि केव्हीएम अशा लॅबमध्ये वापरात आले, कंपन्या स्वतःच व्हर्च्युअल राउटरच्या इमेज देऊ लागल्या आणि ईव्ह-एनजीसारख्या लॅबमध्ये सिस्कोशेजारी जुनिपरचा राउटर नांदू लागला.

डायनामिप्सवर जुनी इमेज आजही चालवणार असाल, तर राउटर पूर्ण बूट होऊन शांत झाल्यावरच आयडल-पीसी शोधा. इमेज बदलली, की आकडा नव्याने काढा.