प्लॅटिनमचा माग: काळ्या पाषाणापासून हिरव्या खडकापर्यंत

बदनापूरच्या शिवारात विहीर खणताना आधी मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचे हे थर. प्लॅटिनम आणि त्याचे पाच भाऊबंद, म्हणजे पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम, इरिडियम आणि ऑस्मियम, याही दगडात आहेत. पण अब्जात काही भाग, एवढेच. सायबेरियात नोरिल्स्कला मात्र अशाच लाव्हाच्या प्रदेशात पॅलेडियमचे प्रचंड साठे आहेत. तिथल्या शिलारसाला वर येताना गंधकयुक्त खडक भेटले. गंधकाशी जडलेल्या जड थेंबांनी रसातले धातू वेचले आणि ते तळाशी साचले. दख्खनच्या लाव्हातून धातू असे निघून गेल्याची खूण तपासणीत मिळालेली नाही.

प्लॅटिनमचा शोध मुख्यतः चालत आला तो अल्ट्रामॅफिक खडकांच्या मागाने. या खडकांत सिलिका ४५ टक्क्यांहून कमी, ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन ही खनिजे भरपूर. सुरुवात नदीच्या वाळूपासून झाली. उरल पर्वतातल्या वाळूत इतके प्लॅटिनम मिळाले की रशियाने १८२८ ते १८४५ या काळात त्याची नाणी पाडली. पुढे १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत आंद्रिस लोम्बार्ड या शेतकऱ्याने ओढ्याची वाळू धुऊन काढलेले कण हान्स मेरेन्स्की या भूवैज्ञानिकाकडे पाठवले. मेरेन्स्कीने ओढ्याच्या वरच्या अंगाने जात मूळ थर गाठला. जाडीने जेमतेम हातभर, पण शेकडो किलोमीटर पसरलेला हा थर आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

महाराष्ट्रात असा अल्ट्रामॅफिक खडक पाहायचा तर लाव्हाची चादर झिजून जुने खडक उघडे पडलेल्या दक्षिण कोकणात जावे लागते. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे इथे ऑलिव्हिनवर पाण्याची क्रिया होऊन बनलेला हिरवट, हाताला साबणासारखा लागणारा सर्पेंटिनाइट आहे आणि त्यात क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजाचे भिंगाच्या आकाराचे पुंजके आहेत. क्रोमाइटचा खडा काळा, हातात घेताच जड लागतो. खापरीवर घासला की तपकिरी रेघ उमटते. गोव्यात उसगावजवळच्या बोंडला संकुलात क्रोमाइटचे थर आहेत. इरिडियम, ऑस्मियम आणि रुथेनियम यांना क्रोमाइटचीच सोबत अधिक, त्यामुळे शोधकांचे लक्ष आधी तिथे जाते.

या खडकांतला मौल्यवान धातू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खडकाची भुकटी शिशाच्या ऑक्साइडसह भट्टीत वितळवतात. शिसे मौल्यवान धातू घेऊन खाली गोळा होते. मग हाडांच्या राखेच्या मुशीत शिसे शोषले जाते आणि मोहरीहून बारीक मणी उरतो. टनामागे चार-पाच ग्रॅम निघाले तरी तो साठा चांगला.

नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोने २०१० साली देशातल्या प्लॅटिनम गटातल्या धातूंची मोजदाद १५.७ टन अशी दिली. त्यातले १४.२ टन ओडिशात, उरलेले कर्नाटकातल्या हनुमलापुरात. २०२३ साली केंद्र सरकारने हे सहाही धातू महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घेतले.