तबकडीवरचे डाग

संगणकाची हार्ड डिस्क बिघडली, असे आपण सहज म्हणून जातो. पण बिघडले ते नेमके काय, हे क्वचितच विचारतो. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने रॅमॅक हे यंत्र पुढे आणले. त्याच्या डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर ओवलेल्या होत्या. तिचे वजन टनाच्या घरात होते, आणि तीत मावत अवघी ५० लाख अक्षरे! लिहिणारे-वाचणारे शीर्ष तबकडीला न शिवता दाबाच्या हवेच्या थरावर तरंगे. ते शिवले की चुंबकीय लेप खरवडलाच.

ऐंशीच्या दशकात हार्ड डिस्क घरगुती संगणकांत आली, तेव्हा तिच्यावर कारखान्यातूनच एक कागद चिकटवलेला असे. कोणत्या तबकडीच्या कोणत्या वर्तुळावर डाग आहे, याची ती यादी. मालकाने ती संगणकाला कळवायची, म्हणजे तेवढी जागा लिहिण्यातून वगळली जाई. मला या कागदाचे मोठे कौतुक वाटते. विकणाऱ्याने मालाचे दोष मालावरच लिहून द्यावेत, असा व्यवहार अन्यत्र कुठे आढळतो?

पुढे डिस्कच्या पोटातला नियंत्रकच डागी जागेऐवजी राखीव जागा परस्पर वापरू लागला. कागद गेला, डाग मात्र राहिले. नव्वदच्या दशकात 'स्मार्ट' नावाची नोंदवही डिस्क स्वतःच ठेवू लागली. तीत बदललेल्या जागांचा आकडा वाढताना दिसला, की सावध व्हावे. परंतु तिच्यावरही विसंबता येत नाही. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी नोंदवहीतील चार ठळक लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते.

म्हणून निदान करताना दोन दुखणी वेगळी ओळखावी लागतात. लिहिता लिहिता वीज गेली, तर पुष्कळदा बिघडते ती फाइलींची नोंद. शेत जागेवर असते, सातबारा चुकलेला असतो. 'चेकडिस्क' किंवा युनिक्सचे 'एफएससीके' हा हिशेब जुळवतात आणि बेवारस तुकडे वेगळे काढून ठेवतात.

दुसरे दुखणे खुद्द तबकडीचे वा शीर्षाचे. टकटक आवाज येतो, एकच फाइल वाचताना यंत्र अडून बसते. येथे घाईने दुरुस्तीचा प्रयोग लावणे हाच मोठा अपघात. थकलेल्या शीर्षाला सारी डिस्क पालथी घालावी लागते, आणि हिशेब जुळवण्याच्या भरात उरलीसुरली नोंदही पुसली जाऊ शकते. अशा वेळी आधी सारा मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवावा. सहज वाचता येईल तो प्रथम, अडणारा भाग शेवटी. 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम याच क्रमाने चालतो. टकटक वाढत असेल, तर तेही न करता वीज बंद करून डिस्क जाणत्याच्या हाती द्यावी. हिशेब जुळवायचा तो नकलेवर. मूळ डिस्कला पुन्हा हात लावू नये.