नाक कापले, तरी ‘मेहेम’ नाही

इंग्रजीतील ‘मेहेम’ हा शब्द आज धुमाकूळ, हलकल्लोळ अशा अर्थाने सर्रास वापरला जातो. जुन्या इंग्लंडच्या न्यायालयांत मात्र त्याचा अर्थ एकच होता : माणसाला लढण्यास असमर्थ करणारी इजा. अपंग करणे या अर्थाचे ‘मेम’ हे क्रियापद त्याचेच भावंड.

हात, बोट, डोळा, इतकेच काय, पुढचा दात गेला तरी तो मेहेम. कारण हे सारे झुंजताना कामी येते. नाक किंवा कान कापल्यास मात्र नाही! चेहरा विद्रूप झाला, पण तलवार धरता येते ना? प्रजेचे शरीर हे जणू राजाच्या सैन्याचे भांडवल होते.

डिसेंबर १६७०. नाटकगृहांवर कर बसवण्याची चर्चा संसदेत चालू होती. नट हे राजाचे सेवक, त्याच्या मनोरंजनासाठी आहेत, असा बचाव दरबारी मंडळींनी केला. त्यावर सर जॉन कोव्हेंट्री यांनी विचारले, राजाचे मन नटांत रमते की नटींत? दुसऱ्या चार्ल्सचे नटींशी असलेले संबंध सर्वश्रुत होते. २१ डिसेंबरच्या रात्री राजाच्या रक्षक दलातील माणसांनी कोव्हेंट्रींना गाठले आणि त्यांचे नाक हाडापर्यंत चिरले.

मराठीत नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे. लंडनमध्येही हेतू वेगळा नव्हता. खवळलेल्या संसदेने १६७१ मध्ये कायदा केला : दबा धरून, विद्रूप करण्याच्या हेतूने नाक चिरणाऱ्यास देहदंड.

या कायद्याचा सर्वांत विचित्र खटला १७२२ चा. अरुंडेल कोक या वकिलाने साथीदाराकरवी आपल्या मेहुण्यावर हल्ला करवला. मेहुणा वाचला, पण त्याचे नाक चिरले गेले. कोकचा युक्तिवाद असा, की हेतू ठार मारण्याचा होता, विद्रूप करण्याचा नव्हे. सबब हा कायदा लागू होत नाही! खुनाचा निव्वळ प्रयत्न तेव्हा देहदंडास पात्र नव्हता, म्हणून ही धडपड. ज्यूरीने ती मानली नाही. दोघेही फासावर गेले.

हा कायदा १८२८ मध्ये रद्द झाला. भारतासाठी १८६० मध्ये दंड संहिता झाली, तीत ‘मेहेम’ हा शब्दच नव्हता. तिच्या कलम ३२० मधील ‘जबर दुखापती’त चेहरा कायमचा विद्रूप होणे स्पष्टपणे धरले होते. शिवाय दुखापतीमुळे वीस दिवस नेहमीची कामे करता न येणे, हाही एक निकष होता. लढाईची जागा रोजच्या कामाने घेतली. भारतीय न्याय संहितेत ते वीस दिवस आता पंधरावर आले आहेत.